तत्सम कंद

साहेब, चूक तुमची आहे. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला दुसरा कुणी शोधत बसायला नको. आश्रमशाळांच्या जेवणाच्या तक्त्यात 'रताळी, न मिळाल्यास तत्सम कंद' ही ओळ तुम्ही लिहिलीत. लिहिण्याआधी एका बाईला विचारलं असतं, दुसरी कुणी नाही तर घरात तुमच्या ताटात वाढते तिला, तरी पुढचं टळलं असतं. तुम्ही विचारलं नाही. आता दगडीबाईचं ऐका.

दगडीबाई चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेत चौदा वर्षं रांधत होती. शाळेत साठ पोरं, पाड्यापाड्यांवरची. त्यात तिची नात जमना, तिसरीतली. चौदा वर्षांत दगडीबाईच्या हातच्या जेवणानं एका पोराला साधे ढाळ लागले नव्हते. तिला हे कुणी कधी म्हटलं नाही, पण तिला माहीत होतं.

हा अठ्ठ्याऐंशी सालचा माघ. आदल्या पावसाळ्यानं दगा दिलेला. शाळेमागचा नाला दिवाळीतच आटला होता आणि पाणी टँकरचं, तेही दोन दिवसांआड. दर सोमवारी पोरांना रताळी द्यायची असा तुमचा तक्ता. दोन सोमवार रताळी आलीच नाहीत. तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी तुमच्या गोदामातून सहा गोण्या येऊन पडल्या.

दगडीबाईनं पहिल्या गोणीचं तोंड सोडलं, एक कंद हातात घेतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि तशीच शाळेचे अधीक्षक शालिग्राम गुरुजी यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, हाई रताळं नई शे."

"मग काय आहे?"

"डोंगरना कांद शे. यात गोडबी ऱ्हास, कडूबी ऱ्हास."

"बरं झालं की. सुरतेला उंधियूत खाल्लाय मी कंद. फार गोड लागतो."

"तो गोड व्हता म्हनीसन तुम्ही आज बोली ऱ्हायनात."

गुरुजी हसले. माणूस वाईट नव्हता. पोरांची नावं त्यांना तोंडपाठ होती. पण वहीत त्यांनी लिहिलं, 'रताळी, सहा गोण्या.'

"तत्सम कंदाची सूट गोदामाला आहे, शाळेला मंजुरी रताळ्यांचीच आहे, दगडीबाई. कांद लिहिलं तर कागद परत येतो, आणि पोरं तिसरा सोमवारही कोरडी जातात."

आता रताळं म्हणजे काय, ते कुणाला सांगावं लागत नाही. माती धुवायची, पातेल्यात टाकायचं, सुरी आरपार गेली की झालं. नाही तर निखाऱ्यात पुरायचं, बोटानं साल ओढायची. उपासाला किसून जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट. रताळ्यानं आजवर कुणाचा घात केलेला नाही. गरिबाच्या घरात अडाण्यानं उकडलं तरी ते गोडच होतं.

कांदाचं तसं नाही. गोडकांद निघाला तर नशीब. उकडला, मीठ लावलं, खाल्ला. कडूकांद निघाला तर त्याचे पानासारखे पातळ काप करायचे, चुलीतली राख चोळायची, उकडायचे. मग बांबूच्या टोपलीत भरून टोपली नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची, वर दगड. एक रात्र, एक दिवस. पाण्यानं कडूपणा ओढून न्यावा लागतो. आग त्याला बाहेर काढत नाही, तासभर उकडा नाही तर दिवसभर. दगडीबाईच्या आईनं तिला हे शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. भुकेच्या दिवसांत पाडेच्या पाडे कडूकांदावर जगलेत. पण जगलेत ते नाल्याच्या जिवावर.

आणि गोड कोणता, कडू कोणता, हे ओळखायचं खणतानाच. वेलीच्या पानावरून, देठावरून, आणि कंदाच्या मिशांवरून, म्हणजे अंगावरच्या बारीक मुळांवरून. कडूच्या मिशा दाट, गोडाच्या विरळ. पण गोदामात कुणा शहाण्यानं बाजारात रताळी जशी मांडतात तसे सगळे कंद घासून, मिशा खरवडून, चकाचक करून पाठवले होते. गोड आणि कडू एकाच गोणीत. सगळे तुळतुळीत.

"गुरुजी, दोन दिवस द्या अन् वाहतं पानी द्या. नई तं गोण्या परत धाडा."

"वाहतं पाणी कुठून आणू? प्यायला पुरत नाही. तू असं कर, जरा जास्त उकड."

पाड्यावर कांद रांधणाऱ्या बाईची एक रीत असते. पोरांच्या आधी तिनं खायचं आणि खांबाची सावली हातभर सरकेपर्यंत बसून राहायचं. घसा खवखवला, ओठ बधिर झाले, तर रांधलेलं सगळं खड्ड्यात. सोमवारी दगडीबाईनं पातळ काप केले, राख लावली, वाचवून ठेवलेल्या चार बादल्या पाण्यात तीन वेळा उकडून तीन वेळा पाणी फेकलं. मग पातेल्यातून तीन काप घेतले. एक वरचा, एक मधला, एक तळाचा. खाल्ले आणि ओट्यावर बसली.

घरी पातेल्यात दोन-तीन कंद असतात. तीन काप खाल्ले की सगळे खाल्ले. शाळेच्या पातेल्यात अर्धी गोण होती. हे तिला त्या वेळी सुचलं नाही. सावली हातभर सरकली, तिला काही झालं नाही. तिनं वाढायला घेतलं. जमनाला एक काप जास्त.

पहिल्या पंगतीतल्या पोरांनी घसा खाजवायला सुरुवात केली तेव्हा दुसरी पंगत अर्धी जेवली होती. अकरा पोरं ओकली. चौघांचे डोळे तारवटले, चालताना भिंत धरावी लागली. जमना म्हणाली, "आजी, जमीन फिरी ऱ्हायनी." दगडीबाईनं पातेलं लाथेनं उलटं केलं आणि तिला पाठीवर घेतलं.

टेम्पोतून सगळ्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? गुरुजींनी वहीत होतं ते सांगितलं. दगडीबाई मागून म्हणाली, "कांद व्हता." डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं आणि रताळी लिहिलं. पोरं तिसऱ्या दिवशी बरी होऊन परत आली. परत आली म्हणून चौकशी एका दुपारीच उरकली.

तुमचा हुकूम आला, साहेब. रताळी अर्धकच्ची राहिल्यानं प्रकार घडला. स्वयंपाकीण दगडीबाई हिला कामावरून काढावं. यापुढं रताळी अर्धा तास जास्त उकडावीत. उरलेल्या साडेपाच गोण्या वाया न घालवता येत्या सोमवारपासून वापराव्यात.

नवी स्वयंपाकीण झुंबरबाई चोपड्याकडची. हाताला चांगली, बोलायला गोड. दगडीबाईनं तिला कोठीच्या दारात गाठलं.

"बाई, त्या गोण्या उघडू नको."

"मले कागद दियेल शे, अक्का. अर्धा तास जास्त उकडानं. मी पाऊण तास उकडसू."

"तू दिवसभर उकड. तो उकडीसन जात नई."

"मंग मी काय करू? नाही म्हनू आनि तुमनासारखी घर बसू?"

ती टोचून बोलली नव्हती, खरंच विचारत होती. जमनाला दगडीबाई घरी नेऊ शकत होती. घरात ज्वारी नव्हती, पण नेली असती. उरलेली एकोणसाठ कुणाच्या घरी नेणार? तिनं गोणीतले दोन कंद ओच्यात घातले आणि शुक्रवारी पहाटेची एसटी धरली.

जळगावच्या बाजारात ती आधी रताळ्यांच्या ढिगापुढं थांबली. माघातली एकादशी होती, रस्त्याच्या कडेला रताळ्यांचे ढीगच्या ढीग होते. शाळेला मिळत नाहीत ती हीच. तिनं एक विकत घेतलं.

तुमच्या कचेरीत लोटन शिपायानं तिला दोन तास बाकावर बसवलं. मग म्हणाला, "साहेब फराळाला बसलेत, आता राग कमी असतो. जा, पण लवकर उरक."

तुमच्या डब्यात रताळ्याचा कीस होता, साहेब. वर ओलं खोबरं. दगडीबाईनं ओच्यातून तिन्ही कंद काढले आणि तुमच्या टेबलावर ओळीनं मांडले.

"हे काय आहे, बाई?"

"तुमना डबामा शे ते हाई." तिनं रताळ्यावर बोट ठेवलं. "अन् पोऱ्यासना पातेल्यामा जास ते ह्या दोन."

"तुझी चौकशी झाली आहे. अर्धवट उकडलंस तू."

"मी तीन पान्या फेक्यात. मी चाखी देखं, तीन काप. तिन्ही गोड निंघनात. चूक मनीबी शे, साहेब. अर्ध्या गोणीमातून तीन काप चाखीसन मी पोऱ्यासले वाढं. मले काढं, बरं करं. पन गोण्या तठेच शेतस. सोमवारी झुंबरबाई उघडस."

"तिला सूचना दिली आहे. जास्त उकडेल."

दगडीबाईनं दोन्ही कांद पुढं सरकवले. तुळतुळीत, सारखे, एका आकाराचे.

"यातला एखादा कडू व्हई. कोनता, मले कळत नई. चौदा वरीस रांधं, सारं आयुष्य खनं, तरी कळत नई. मिशा तुम्ही काढी टाक्यात. तुमले कळस का?"

तुम्ही घंटी वाजवलीत. लोटन आला. तो तिच्या दंडाला हात लावायला धजेना, नुसता दारात उभा राहिला. तुम्ही डबा थोडा पुढं केलात आणि म्हणालात, थोडं खाऊन घे, लांबून आलीस. तिनं डब्याकडं पाहिलं नाही.

"मले नोकरी नको. खावालेबी नको. एक कागद द्या, गोण्या परत न्या म्हनीसन. कागद देवाना नसला तं या दोनमधला एक तुमना हातवरी उचला अन् सांगा, हाई गोड शे. तुम्ही सांगा, मी आठेच, तुमना समोर खासू. आज शुक्रवार शे."

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. कंद अजून टेबलावर आहेत आणि दगडीबाई बाहेर लोटनच्या बाकावर बसली आहे. शेवटची एसटी सहाला सुटते.

बोला साहेब. कोणता?