चौदावा टप्पा

डोंगराच्या पायथ्याची मक्याची जमीन आमच्या गॅसविहिरीला दिली ती माझ्याबरोबर काम करणाऱ्या शूलानच्या मामांनीच, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. "तीन किलोमीटर खाली जाऊन ती नळी आडवी वळते आणि बरोब्बर माझ्या चुलीखालून जाते," असं ते येईल त्याला सांगायचे.

ते खरंही होतं. खोदकाम संपलं होतं. आता त्या आडव्या नळीतून प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडून आम्ही खडकाला भेगा पाडत होतो. त्या भेगांतून गॅस मोकळा होतो. एकेक टप्पा करत पुढे जायचं. पंप माझ्याकडे. शेजारच्या टेबलावर शूलान जमिनीच्या हादऱ्यांवर लक्ष ठेवायची.

चौदाव्या टप्प्याला, सकाळी दहाच्या सुमाराला ती म्हणाली, "लुओदादा, दोन पॉइंट तीन. दोनच्या वर गेलं की थांबायचं. पंप बंद कर."

मी आमच्या विहिरीचे प्रमुख कुआंगसाहेब यांच्याकडे पाहिलं. ते वाडग्यातल्या तिखट शेवया ओढत होते. "मध्येच थांबलो तर वाळू नळीत बसेल. एवढा टप्पा उरकू."

"वाळू नंतर काढता येते, साहेब."

"तू उतरणार आहेस का काढायला?"

तिने तिथूनच मामांना फोन लावला. "मामा, मामीला घेऊन अंगणात या. आत्ता."

"अगं, ती मांसाला धुरी देतेय. आता उठवलं तर मलाच धुरी देईल!"

"मामा, हात जोडते. निघा."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "बटण तुझ्या हाताखाली आहे, दादा."

होतं. तरी साहेबांनी मान हलवायची मी वाट बघत राहिलो. अकरा मिनिटं.

मग केबिनच उचलून आपटल्यासारखी झाली, तेव्हा कुठे मी बटण दाबलं.

मामा अंगणात आले होते, म्हणून वाचले. मामी चूल विझवायला परत आत गेली आणि तुळई तिच्या कमरेवर आली.

चौकशी लागली. कुआंगसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "हादरा बसताच पंप थांबवला, एवढंच लिही. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. रात्रभर तो कागद मी कोराच ठेवला. सकाळी आधीचा आकडा, त्याची वेळ आणि शूलानचं बोलणं, सगळं लिहून दिलं.

साहेबांची बदली झाली, मला गोदामात टाकलं. पंपामुळेच हादरा बसला असं खात्रीने म्हणता येत नाही, असं समितीने लिहिलं. दोन महिन्यांनी पंधरावा टप्पा सुरू झाला.

शूलानने माझा जबाब वाचला. "बरोबर लिहिलंस," म्हणाली. "पण हे त्या दिवशी करायचं होतंस."

मी दवाखान्यात गेलो. मामीने उशाखालून संत्रं काढून पुढे केलं. "सोलून दे रे. मला वळता येत नाही."

मी सोलायला लागलो. मामांनी आपलं स्टूल उचललं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.