नऊ खोटे खांब

रंगाऱ्याने तीच भिंत दुसऱ्यांदा पुसली, तेव्हा थोरलीने कपाळाला हात लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

दुकान दहावं होतं आणि उद्या सकाळी उघडायचं होतं. खुर्च्या अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या, हात धुवायच्या नळाला पाणी येत नव्हतं, चीजची गाडी वाटेत कुठेतरी अडकली होती. पण बाबांना घोर लागला होता तो एकाच गोष्टीचा. आत पाऊल टाकल्याबरोबर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरेल अशा भिंतीवर त्यांना 'आमचा इतिहास' लिहून घ्यायचा होता. बाबा म्हणजे मालक, आणि थोरली त्यांची मोठी मुलगी. जिल्हाभर पिझ्झाची दुकानं काढलेला माणूस, पण त्यांचा इतिहास दर आठवड्याला बदलायचा. पहिल्या खेपेला पिझ्झाची कल्पना त्यांना गच्चीवर पडल्या पडल्या सुचली होती. दुसऱ्या खेपेला ते तरुणपणी कुठल्याशा मोठ्या शहरात गेले होते आणि पिझ्झाचा पहिला घास खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आज सकाळी गच्ची आणि शहर दोन्ही बाद झाली होती. आता त्यांनी म्हणे अनेक वर्षं भट्टीच्या शास्त्राचा अभ्यास केला होता. रंगारी बिचारा रोजावर होता म्हणून मुकाट्याने पुसत होता.

खरं काय ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या, एका पावाच्या बेकरीत पीठ मळायला होती. बेकरी बंद पडली आणि जुनी भट्टी भंगारात निघाली, ती आत्याने उचलून आणली. बाबांची फरश्या विकायची नोकरी त्याच सुमारास सुटली होती. पाव विकू या, असं बाबा म्हणाले. पाव सगळेच विकतात, असं म्हणून आत्याने पिझ्झा भाजला. बाबांनी पाटी रंगवून घेतली, गल्ल्यावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारल्या. हेही काही लहान काम नव्हतं, हे थोरलीसुद्धा मान्य करायची. तिचं बालपण त्या पहिल्या दुकानातल्या पिठाच्या टेबलाखाली गेलं होतं. तिथून तिला आत्याचे पाय दिसायचे, सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत उभे असलेले.

पाचवं दुकान निघालं तेव्हा बाबांनी टायवाला मॅनेजर नेमला. भट्टीपाशी घामेजलेली वयस्क बाई गिऱ्हाइकाला दिसते, ते बरं नाही, असं त्याचं मत पडलं. बाबांनी त्याला तिथल्या तिथे गप्प करायला हवं होतं. त्याऐवजी ते आत्याला म्हणाले की, ताई, तू पुष्कळ केलंस, आता आराम कर. आत्याने एप्रन काढून खिळ्याला लावला आणि घरी गेली. त्यानंतर तिने एकाही दुकानाची पायरी चढली नव्हती. विचारलं की म्हणायची, माझं काय काम तिथे. मॅनेजर पुढे वर्षभरात सोडून गेला, पण तिला परत बोलवायचं कुणालाच सुचलं नाही.

म्हणून थोरलीने या भिंतीसाठी हट्ट धरला होता. इतिहास काय वाटेल तो लिहा, पण दोन ओळी आत्याच्या टाका. उद्घाटनाला तिला आणायचं आणि त्या दाखवायच्या, एवढंच तिच्या मनात होतं. आत्या आता थकली होती. फार वर्षं थांबून चालणार नव्हतं. बाबा दर वेळी मान डोलवायचे आणि दर वेळी जागा संपायची. आज त्यांनी भट्टीसमोरच्या खांबाबद्दलच पाच ओळी सांगितल्या होत्या.

त्या खांबाचं नाव काढलं तरी थोरलीचं डोकं उठायचं. पहिल्या दुकानात भट्टीसमोर, जरा उजव्या अंगाला, छत पेलणारा एक खांब होता. ते दुकान चाललं. मग दुसरं काढताना बाबा टेप घेऊन पहिल्या दुकानात गेले आणि भट्टीची जागा, तिच्या दाराची बाजू, टेबलाची उंची, सगळं मोजून आणलं. खांबसुद्धा मोजला. नव्या जागेत खांबाची गरजच नव्हती, तर त्यांनी प्लायवूडचा बांधून घेतला. तेव्हापासून प्रत्येक दुकानात तो होता, आतून पोकळ आणि बाहेरून रंगवलेला. वेटर त्याला धडकायचे. भट्टीतून लांब दांड्याची फळी मागे ओढली की दांडा त्यावर आपटायचा. सुताराने एकदा न राहवून विचारलं होतं की, या खांबावर उभं काय आहे. बाबांची समजूत, असं थोरलीने सांगून टाकलं होतं.

भट्टीच्या दाराची तऱ्हा त्याहून वाईट. ते उजवीकडे उघडायचं. फळी उजव्या हातात धरून पिझ्झा आत सरकवायचा म्हटलं की तापलेलं लोखंडी दार नेमकं उजव्या कोपराशी. आधीच्या नऊही दुकानांतल्या भाजणाऱ्यांच्या कोपरावर एक डाग होताच, आणि ते त्याला नोकरीचा शिक्का म्हणायचे. थोरली दार फिरवून घ्या म्हणून वर्षानुवर्षं घसा कोरडा करत होती. बाबांचं उत्तर ठरलेलं, की मांडणीला हात लावायचा नाही, मांडणीमुळेच आपण इथवर आलो. आज तर त्यांनी रंगाऱ्याला सांगितलं होतं की, दाराची दिशा मालकांनी सखोल अभ्यासाअंती ठरवली, असं ठळक अक्षरात लिही.

दुपारी भट्टी पेटवून चाचणी घेतली. नवा भाजणारा घाईने पिझ्झा सरकवायला गेला आणि त्याचं कोपर दाराला लागलं. पिझ्झा उलटा पडला आणि करपून धूर झाला. बाबा भिंतीपासूनच ओरडले, की दोष हाताचा आहे, दाराचा नाही. त्या पोराच्या कोपरावर पाणी ओतताना थोरलीचा संयम सुटला. तिने फोन उचलला आणि आत्याला सांगितलं की तुझी भट्टी बिघडली आहे, कुणाला काही जमत नाही, तू ये.

उद्घाटनाला ये म्हटलं असतं तर आत्या आली नसती. भट्टी बिघडली म्हटल्यावर ती घरच्या चपलांवर आली.

तिला दारात बघून बाबा गडबडले. त्यांनी बस म्हटलं, पण बसायला उघडी खुर्चीच नव्हती. आत्याने भिंतीकडे पाहिलंही नाही. ती सरळ भट्टीपाशी गेली, पदर खोचला, पिठाचा गोळा हातात घेऊन बघितला आणि टेबलावर पसरायला लागली.

मग जे झालं ते थोरली जागच्या जागी उभी राहून बघत राहिली. आत्याने फळी डाव्या हातात घेतली. उजव्या हाताने दार उघडलं, ते तिच्या अंगापासून दूर गेलं. पिझ्झा आत गेला, फळी मागे आली आणि दांडा खांबाला न लागता त्याच्या शेजारून सुटला. टेबल तिच्या कमरेला बरोबर होतं आणि सॉसचं भांडं न बघता हाताला लागत होतं. एक पाऊलही वाया गेलं नाही. दार लावून ती दोन पावलं मागे आली आणि सवयीने खांबाला पाठ टेकली. खांब कुरकुरला.

"हा पोकळ आहे का रे?" तिने बाबांना विचारलं.

बाबा तिच्या हातातल्या फळीकडे बघत होते.

"ताई," ते म्हणाले, "तू डावखुरी आहेस?"

पाठीला पाठ लावून जन्मलेला भाऊ हे विचारत होता. थोरलीला हसावं की रडावं तेच कळेना.

"जेवताना आणि लिहिताना नाही," आत्या म्हणाली. "आईने मारून मारून उजवा हात लावला. भट्टीपाशी आई नव्हती."

मग तिने अगदी साधेपणाने सांगितलं, की ती भट्टी आणली तेव्हा दार डावीकडेच उघडत होतं. बाबा पाटी रंगवायला गेले होते त्या दुपारी तिने वेल्डर बोलावून ते फिरवून घेतलं होतं. सांगण्यासारखं काही वाटलं नाही म्हणून सांगितलं नाही. आणि खांबाचं म्हणाल तर तिची पाठ दुखायची. टेकायला तो बरा पडायचा म्हणून भट्टी त्याच्या बेताने लावली होती.

बाबा प्लास्टिक गुंडाळलेल्या खुर्चीवर तसेच बसले. आत्याच्या बाबतीत थोरलीने इतकी वर्षं मूग गिळले होते. आज मात्र तिच्याने राहवलं नाही.

"बाबा, जिच्या मापाने तुम्ही दहा दुकानं शिवलीत, तिलाच घरी बसवलंत."

बाबांनी मान खाली घातली. आत्याने मात्र त्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. तिने भाजलेल्या पोराचं कोपर धरून उजेडात बघितलं, मग जुन्या दुकानांतून मदतीला आलेल्या दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. तिचा चेहरा उतरला.

"अरे, हे सगळ्यांचंच असं आहे?" ती बाबांना म्हणाली. "माझ्या सोयीचं दार या पोरांना कशाला? वेल्डरला बोलाव. सगळीकडची फिरवून घे."

"बोलावतो," बाबा म्हणाले.

एवढंच. ज्या गोष्टीपुढे थोरलीने वर्षानुवर्षं हात टेकले होते, ती एका शब्दात झाली. त्या खांबावर डोकं आपटून घ्यावं असं तिला वाटलं, पण तो मेला पोकळ.

पिझ्झा तयार झाला. आत्याने तो फळीवर काढला, पोरांनी उभ्या उभ्या तुकडे उचलले. बाबांनी एक तुकडा हातात घेतला आणि न खाता धरून ठेवला. ती काम करायची तेव्हा आपण कायम गल्ल्याकडे तोंड करून बसायचो, असं ते हळूच म्हणाले. पाठीमागे काय चालायचं ते कधी वळून बघितलंच नाही. आत्या म्हणाली, असू दे, गल्ल्यावरही कुणीतरी लागतंच. पण हे म्हणताना तिने डोळे पुसले, आणि ते काही भट्टीच्या धुराने आलेलं पाणी नव्हतं.

रंगारी इतका वेळ शिडीवर बसून होता. अखेर त्याने खाकरून विचारलं की, उजेड आहे तोवर लिहायचं काय ते सांगा.

बाबा उठून भिंतीपाशी गेले. अभ्यास, शास्त्र, खांब, सगळं पुस, म्हणाले. रंगाऱ्याने पुसलं. मग बराच वेळ विचार करून त्यांनी एकच ओळ सांगितली: 'ही सगळी दुकानं माझ्या भट्टीवर ताईने उभी केली.'

रंगाऱ्याने ती रेखून काढली. अक्षर सुरेख आलं. थोरलीने वाचलं आणि तिच्या कपाळाची शीर उडायला लागली, पण ती तोंड उघडणार एवढ्यात आत्याने तिचा हात धरला. बाबा भिंतीसमोर उभे राहून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते, ओठ हलवत.

"'माझ्या' पुस," ते शेवटी रंगाऱ्याला म्हणाले. "भट्टी तिची होती."

रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला, थोरलीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. थोरलीने फडकं ओलं करून त्याच्या हातात दिलं आणि शिडी धरून उभी राहिली.