आजोबांचा रोल

पुंजारामला दुपारपासून एका जागी बूड टेकवता येईना. दारात जाई, परत येई, माठातलं पाणी पिई, परत दारात. तहान कसली! जीव टांगणीला लागला होता. लक्ष्मीबाई मात्र नवी साडी नेसून शेजारपाजारच्यांसाठी सतरंज्या अंथरत होती. का, तर आज आठ वाजता तिचा नवरा टीव्हीवर दिसणार!

वेरूळला मालिकावाले आले, त्यांना आजोबा पाहिजेत असं कळलं, अन् हा गडी मोटारसायकलला किक मारून पोचला. गावच्या नाटकात उभी जवानी राजा झालेला माणूस. मुकुट नव्हता, तरी तिथंच गरजला, "खबरदार! राजा अजून जिवंत आहे!" टाळ्या पडल्या. त्यांनी ढीगभर फोटो काढले. "काका, तुमचा चेहरा पक्का," म्हणाले. झालं, मुकुंदवाडीभर बोभाटा.

आणि आज दुपारी मालिकेतल्या एकाचा फोन आला. "काका, आज बघा बरं का. हॉलमध्ये तुमचा मोठा फोटो लावलाय, हार घालून. नायिकेचे स्वर्गवासी पणजोबा!"

"आन् आजोबा कोण झालाय?"

"ते मुंबईचे आहेत. चाळिशीचे, पण पांढरी दाढी लावली की शोभतात."

घ्या! चाळिशीतला टोणगा काठी टेकीत खोकणार, नायिकेची आई तिची पाठची बहीण दिसणार, आणि खरा सत्तरीचा माणूस लागला तो खिळ्याला टांगायला! पुंजारामला लई झोंबलं. पण त्याहून मोठं भ्या लक्ष्मीबाईचं. मागं नातीनं खेळता खेळता आजोबाच्या फोटोला झेंडूचा हार अडकवला, तर बाई दिवसभर जेवली नव्हती. आता हे ती सगळ्या गल्लीसमोर बघणार.

सांगायला जीभ रेटेना. आठ वाजत आले, घर माणसांनी भरलं, तसा तो हळूच बाहेर सटकला अन् मीटरच्या पेटीला हात घातला. खटका खाली ओढायचा, की मिटलं.

"अहो, तिथं काय करताय?" मागं लक्ष्मीबाई उभी.

मग मात्र त्यानं सगळं भडाभडा सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिचं तोंड पांढरं पडलं. हात आपसूक कपाळावरच्या कुंकवाकडं गेला.

"मुडदा बशीवला त्यायचा!" ती म्हणाली. "माझ्या जित्या नवऱ्याला हार घालत्यात व्हय?" अन् तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"लाईट घालवू का?"

"नाय." तिनं पदरानं डोळे पुसले. "चला आत."

मालिका सुरू झाली. हॉल दिसला, अन् भिंतीवर हारासकट पुंजाराम. नायिकेनं हात जोडले. सतरंजीवरच्या माना लक्ष्मीबाईकडं वळल्या. शेजारची पारूबाई तर लक्ष्मीबाईच्या कपाळाकडंच बघायला लागली.

लक्ष्मीबाईनं रिमोट घेतला, टीव्हीचा आवाज बंद केला, अन् नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला टीव्हीशेजारी उभं केलं.

"बोला."

"काय?"

"तुमचं ते राजाचं."

पुंजारामनं मोकळा हात उंचावला, पण तोंडातून नुसती हवा निघाली.

"मोठ्यानं. गल्लीला ऐकू जाऊ द्या." तिनं दंड सोडला नव्हता.

त्यानं छाती भरून श्वास घेतला. "खबरदार! राजा अजून जिवंत आहे!"

"परत," लक्ष्मीबाई म्हणाली.