कोपऱ्यातल्या दोन सळया

ज्या शहरात नळाला एक दिवसाआड पाणी, त्या शहरात लोक पोहायचे तलाव बांधायला लागले, तेव्हा हणमंतरावांनी आधी कपाळावर हात मारून घेतला आणि मग लगेच तलावाचं कंत्राटही घेतलं. घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतकरी. वडिलांनी विहिरी बांधल्या, ह्यांनी हैदराबादभर गच्चीवरच्या टाक्या. आता शहाण्णव साल उजाडलं होतं. बंजारा हिल्सवर पुण्या-मुंबईहून येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी फ्लॅट उठत होते, आणि खाली तलाव नसला तर म्हणे वरचा फ्लॅट विकला जात नव्हता.

ह्या तलावाच्या खड्ड्यात उभी होती मीना. काचीगुड्याची पोरगी, इंजिनियरिंगची पदवी अजून कोरी. तिच्या वडिलांच्या शब्दाखातर हणमंतरावांनी तिला कामावर घेतलं, पण अट घालून.

"हे बघ पोरी, तलाव भरल्यावर थेंब गळला नाही तर पुढची साइट तुझी. गळला तर हापिसात पंख्याखाली बसून नकाशे काढायचे. मग रडायचं नाही."

पंख्याखाली बसायला नको म्हणणारं माणूस हैदराबादच्या उन्हाळ्यात शोधून सापडायचं नाही. पण मीनाला नको होतं. कॉलेजात तिनं काँक्रीट फळ्यावरच जास्त पाहिलं होतं. आता ते हाताला लागत होतं, आणि तिला ते मनापासून आवडत होतं.

काँक्रीट ओतताना दोन्हीकडच्या फळ्या धरून ठेवायला भिंतीतून आरपार सळया घालतात. फळ्या निघाल्या की भिंतभर सळयांची टोकं उरतात. ती दोन बोटं आतपर्यंत छाटायची, भोक खरवडायचं, धुवायचं आणि घट्ट कालवलेला सिमेंट-वाळूचा मसाला थराथरानं ठासून भरायचा. नुसतं लिंपलं तर वरून गुळगुळीत, आतून पोकळ. सळई राहिली तर गंजते, आणि गंजाच्या मागोमाग पाणी बाहेर पडतं. मीना एकेका भोकापाशी उकिडवी बसून मसाला ठोकून बघायची.

"बेटी, इत्ता ध्यान तो दाताँ भरनेवाला डाक्टर बी नै देता," साइटवरचे गवंडी ख्वाजामिस्त्री म्हणायचे.

शेवटी राहिल्या त्या खोल बाजूच्या कोपऱ्यातल्या दोन सळया. त्यांना यल्लम्माच्या तान्ह्या मुलीची झोळी बांधलेली होती. यल्लम्मा पालमूरकडून मजुरीला आलेली, दिवसभर डोक्यावर टोपल्या वाहायची, आणि सगळ्या खड्ड्यात सावली काय ती त्या कोपऱ्यात. मीना छन्नी घेऊन गेली की पोर नेमकी तेव्हाच निजलेली. "निद्र पोयिंदम्मा," झोपली गं बाई, असं म्हणत यल्लम्मा ओठांवर बोट ठेवायची आणि मीना परत फिरायची. प्लास्टरला अजून आठवडा होता. उद्या करू.

आणि प्लास्टरवाले एका सकाळी येऊन टपकले! दुसरीकडचं काम लवकर आटोपलं म्हणे. मसाला कालवायला सुरुवातसुद्धा झाली.

ख्वाजामिस्त्रींनी तोड काढली. "सळई मोड के दीवार को चिपका देते, उप्परसे प्लास्टर मारते. कौन देखने आरा?"

मीनालाही क्षणभर तेच वाटलं होतं. गंज वर यायला वर्ष तरी लागेल. तोवर पुढची साइट हातात. पण पाणी कुणाचा वशिला मानत नाही, असं हणमंतरावच येता-जाता म्हणायचे. तेवढ्यात ते स्वतःच आले. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"काका, इथलं प्लास्टर थांबवा. दोन भोकं राहिलीत."

"का राहिली?"

तिनं झोळीकडे बोट दाखवलं.

"लेकराच्या झोळीपायी माझा तलाव गळका ठेवतेस?" हणमंतराव कडाडले. "साइट आहे का पाळणाघर?"

रडायचं नाही असं ठरलेलं होतं म्हणून मीना रडली नाही. ती म्हणाली, "चूक माझी आहे. पण त्यांना समोरच्या भिंतीपासून सुरू करू द्या. ह्या कोपऱ्यापर्यंत यायला त्यांना तीन-चार दिवस जातील. तोवर भोकं भरून मुरतील."

हणमंतरावांनी भिंतीकडे पाहिलं, मग झोळीकडे.

"आणि पोर?" ह्या वेळी त्यांचा आवाज चढला नव्हता.

मीनानं चौफेर पाहिलं. बाकीच्या सळया तिनंच छाटून टाकल्या होत्या. सावली उरली होती ती एकाच ठिकाणी, हणमंतरावांच्या पत्र्याच्या खोलीत. छताला आडवा पाइप, खाली त्यांचं टेबल. तिनं त्यांना विचारलंच नाही. यल्लम्मानं पोर उचलली, मीनानं झोळी सोडून खोलीत नेऊन बांधली, आणि मग स्वतः छन्नी घेऊन कोपऱ्यात बसली. भोकं भरून झाल्यावर त्यांवर ओली गोणपाटं लावून ती दिवसभर शिंपत राहिली.

पुढचे दिवस हणमंतराव डोक्यावर झोळी घेऊन काम करत होते. फोन वाजला की झडप घालून उचलायचे आणि सिमेंटवाल्याला कुजबुजत्या आवाजात शिव्या द्यायचे.

प्लास्टर झालं, सुकलं. टँकरनं तलाव भरला. हणमंतरावांनी घरून हळदीची पुडी आणली होती. टाक्यांची परीक्षा ते अशीच घेत आले होते. हळद पाण्यात कालवून मीना कोपऱ्यात काठावर पालथी पडली, बारीक नळी त्या दोन जागांपाशी नेली आणि हळदीचं पाणी हळूच सोडलं. कुठे फट असली तर पिवळा धागा भिंतीत ओढला जाणार.

पिवळा ढग तिथेच तरंगत राहिला. हलला नाही. मीना उठून बसली आणि हसली. मागे यल्लम्मा पोरीला कडेवर घेऊन उभी होती, तीही हसली.

"मेहदीपट्टणमला पुढचा तलाव आहे," हणमंतराव म्हणाले. "तिथल्या साइटच्या खोलीचा नकाशा तूच काढ."

मीनाचा चेहरा उतरला. "नकाशा? म्हणजे हापिसात बसून?"

"हापिसात कशाला? साइट तुझी, तिथेच बसून काढ. आणि छताला दोन भक्कम कड्या दाखव," ते म्हणाले. "फक्त माझ्या टेबलावर नकोत, जरा बाजूला घे. बिलं ओली होतात."