वाचनपीठावरचा चष्मा

मी चष्मा बोलतोय. कोणा एकाचा नव्हे, सगळ्या मंडळीचा! चर्चमधल्या वाचनपीठाच्या कप्प्यात माझा मुक्काम. रविवारी पवित्र शास्त्र वाचायला उभं राहिल्यावर ज्याला स्वतःचा चष्मा घरी राहिल्याचं आठवतं, तो मला शोधतो. आणि विसरभोळ्यांना काय तोटा!

माझे पहिले धनी इथले जुने पाळक. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना माझी गरज उरली नाही, म्हणून त्यांनी मला इथं ठेवलं. पुढे एक काडी मोडली, कोणीतरी दोरा गुंडाळला. चालायचंच. तेव्हापासून नाना तऱ्हेची नाकं पाहिली. कोणी भराभर वाचून मोकळा होतो, तर कोणी असा गळा काढतो की शास्त्र राहतं बाजूला.

पाववाल्या मावशी तशा नव्हत्या. त्यांची वाचायची पाळी असली की आदल्या संध्याकाळी भट्टीवरून थेट इकडे यायच्या आणि पिठाच्या हातांनीच मला चढवून रिकाम्या बाकांपुढे उतारा वाचून पाहायच्या.

त्या शनिवारी उतारा होता समेटाचा. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा, असं त्यात सांगितलेलं.

मावशींचा धाकटा भाऊ नळदुरुस्तीची कामं करायचा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो फिरकला नाही. दफनाला मात्र आला, तर मावशींनी शवपेटीपाशी चारचौघांत सुनावलं, "आईच्या पेटीला हात लावू नकोस!" तेव्हापासून अबोला. आता तो बिऱ्हाड हलवून कायमचा परगावी निघाला होता. दुसऱ्या दिवशीचा रविवार त्याचा इथला शेवटचा.

"उद्या ऐकवतेच त्याला," मावशी दातओठ खात म्हणाल्या, आणि 'भाऊ' या शब्दावर जोर देऊन देऊन उतारा घोकला. मला फार वाईट वाटलं. शास्त्र म्हणजे काय दगड आहे, नेम धरून मारायला?

रविवारी त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. भावाच्या ओळीवर आल्या आणि अडखळल्या. तीच ओळ पुन्हा वाचली, हळू. ज्याच्या मनात सल होता, तो भाऊ. आणि जायला सांगितलं होतं ते वेदीपाशी उभ्या असलेल्या माणसाला. माझ्या काचेवर टपकन थेंब पडला.

"बरं वाटत नाही का?" पाळकांनी विचारलं.

"बरी आहे मी. थांबा जरा."

त्या खाली उतरल्या. मंडळी माना वळवून पाहत राहिली. मी त्यांच्या नाकावरच होतो. मी जवळचं दाखवणारा, त्यामुळे मागचा बाक नुसता धुरकट दिसत होता. त्या अगदी पुढ्यात जाऊन थांबल्या तेव्हा कुठे भावाचा चेहरा दिसला. केवढा पिकला होता तो!

"चुकले मी. आई तुझीही होती रे."

तो मावशींचा हात धरून म्हणाला, "मी यायला हवं होतं गं, ताई."

दुपारी तो गावाला गेलाच, पण मावशींकडे जेवून गेला. तो उतारा अर्धाच राहिला. पुरा करा, असं पाळकसुद्धा म्हणाले नाहीत.

परवा माझी एक काच तडकली. नवा चष्मा येतोय म्हणे. येऊ दे. वाचणाऱ्यांनो, जाता जाता एवढंच सांगतो: वाचताना कोणाकडे जावंसं वाटलं, तर खुशाल निघा. उपासना थांबेल. माणूस थांबेलच असं नाही.