तेराव्या स्तोत्राची चाल

किती दिवस, देवा

हा भाग नको, चर्चचे पाळक म्हणाले. सुगीच्या सणाला विजयसिंह येणार, देवळावर नवे पत्रे घालून देणार. त्याच्यापुढं रडगाणं कशाला? बायबलातल्या तेराव्या स्तोत्राच्या शेवटी स्तुती आहे, तेवढीच म्हणा.

बायनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाल तिची होती, जात्यावरच्या ओवीतून उचललेली. बायकांनी विचारायचं, गडीमाणसांनी ऐकायचं, मग सगळ्यांनी मिळून स्तुती. विचारल्याबिगर कसली स्तुती?

मांजरसुंब्याच्या नाक्यामागं मंडळीचं कब्रस्तान. रस्त्याला मालट्रकांची रीघ लागली तशी विजयसिंहानं तिथं ढाबा टाकला, छपरावर डिशची छत्री लावली आणि गाड्या उभ्या करायला कब्रस्तान सपाट केलं. बायनाबाईची थोरली, सुवार्ता, तिथं आहे. वर डिझेल गळतं.

त्याच्याशी बोलू, प्रेमानं, सवडीनं, असं पाळक म्हणाले.

"पाळकसाहेब, सवड तुमाला हाय. माझ्या लेकीच्या छातीवर टायर हाय."

ते वरमले. बरं, एकदाच विचारा आणि लगेच स्तुती घ्या.

सणाला विजयसिंह पहिल्या खुर्चीत, गळ्यात हार. पाळक पेटीवर. बायका उठल्या

किती दिवस, देवा

एकदा झालं. रिवाज असा, की बायनाबाईनं टाळ वाजवल्याशिवाय गडीमाणसं तोंड उघडत नाहीत. पाळकांनी तिला मानेनं खुणावलं. तिनं टाळ पदरात गुंडाळले.

किती दिवस

पाळकांनी तिच्या नवऱ्याला, उत्तरेश्वरला, खुणावलं: तू उचल. उत्तरेश्वर जमिनीकडं बघत बसला.

किती दिवस, दे

"लई लांबलं की," विजयसिंह हसत शेजारच्याला म्हणाला. "संपतंय कवा?"

बायनाबाई गाणं सोडून त्याच्या खुर्चीपुढं आली.

"तुमी ट्रक काढा, मग संपतं."

विजयसिंहानं हार उतरवून खुर्चीवर टाकला. पत्र्यांचं आता विसरा, असं पाळकांना सांगून तो दाराकडं निघाला. पाळक पेटी सोडून त्याच्यामागं धावले. ते "साहेब, साहेब" म्हणत असतानाच उत्तरेश्वर उठला. टाळ वाजला नव्हता. स्तुतीही त्यानं उचलली नाही. विचारायच्या ओळीला बायनाबाईनं गडीमाणसांसाठी सूर बसवलाच नव्हता, म्हणून तो बेसूर, घोगरा, नांगराला जुंपलेल्या बैलावर ओरडावं तसा

किती दिवस

आणि त्याच्यामागं बाकीचे

किती