एका बाईचे दोन पॅन

पाच वाजायच्या आत खुलासा गेला नाही, तर अपेक्षाची नवी नोकरी हातची जाणार होती. खराडीतल्या त्या कंपनीच्या निकिताने सकाळी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "मॅम, बॅकग्राउंड चेकमध्ये तुमच्या नावावर दोन पॅन निघालेत. लेखी एक्सप्लनेशन द्या, नाहीतर ऑफर होल्डवर जाईल." जुन्या कंपनीचा राजीनामा अपेक्षा आधीच देऊन बसली होती. म्हणजे इकडचंही गेलं आणि तिकडचंही.

म्हणून भर दुपारी ती आणि तिचा नवरा अभिनव शनिवार पेठेत करसल्लागार बद्रीनाथ उपासनींसमोर बसले होते.

"दोन कशाला काढलीत? एक हरवलं तर दुसरं असावं म्हणून?" उपासनींनी चष्म्यावरून विचारलं.

अपेक्षाने सांगितलं. लग्नात तांदळाच्या ताटात अभिनवने अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं, सृष्टी. घरी सगळे सृष्टी म्हणू लागले, ऑफिसात ती अपेक्षाच राहिली. पुढे एक दिवस अभिनवने सृष्टीच्या नावाने पॅनचा अर्ज समोर धरला आणि तिने सही केली. नवं नाव, नवं रेशनकार्ड, तसा नवा नंबरही लागत असेल, असं तिला वाटलं. एमसीए झालेली बाई, पण सासरी समोर आलेला कागद कोण वाचत बसतं? मीठ कमी आहे का हे बघतात, कागद बघत नाहीत.

"अहो बाई, नाव बदलतं, नंबर बदलत नाही," उपासनी म्हणाले. "एका माणसाला जन्मभर एकच. तुम्ही त्याच नंबरवर नाव दुरुस्त करायला हवं होतं. असो. दुसरा नंबर परत करू, अनवधानाने काढला असं लिहू, दंड झालाच तर भरा. त्यावर कधी रिटर्न भरलंय?"

"नाही."

"मग मिटलं. एकदा बघून घेतो."

"बघायची काय गरज आहे?" अभिनव पटकन म्हणाला. "वेळ कमी आहे सर."

"म्हणूनच बघतो. नंतर निस्तरायला वेळ जास्त लागतो."

त्यांनी कॉम्प्युटरवर आयकर खात्याच्या साइटवर दुसरा नंबर टाकला. त्या नंबरचं लॉगिन कुणीतरी आधीच तयार केलेलं होतं. पासवर्ड अपेक्षाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. "नवा करू. ओटीपी येईल, तेवढा सांगा," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

अपेक्षाचा फोन टेबलावर गप्प पडून होता. अभिनवच्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला.

तिघांनीही तो ऐकला. अभिनवने फोन काढला नाही, तेव्हा तिनेच हात पुढे करून तो काढला आणि आकडे वाचून दाखवले.

पडद्यावर उघडलेल्या नोंदींप्रमाणे सृष्टीबाई गेली कित्येक वर्षं घरी गणिताचे क्लासेस घेत होत्या. दरवर्षी रिटर्न भरत होत्या. त्यांचं बँकेत स्वतंत्र खातंही होतं. अपेक्षाने आयुष्यात कुणाला पाढेसुद्धा शिकवले नव्हते.

"माझी बाहेरची कामं आहेत ती," अभिनव खाली बघत म्हणाला. "कंपनीला चालत नाही म्हणून तुझ्या नावावर दाखवली. टॅक्सही कमी बसतो. सगळेच करतात गं. घरातलाच पैसा आहे. सर, ते अनवधानाने लिहा आणि संपवा."

"लिहितो की," उपासनी म्हणाले. "फक्त कुणाच्या अनवधानाने, तेवढं ठरवा. बाई, हे खोटं पुढे उघडं पडलं तर क्लासेस तुमचे ठरतील आणि नोकरीही जाईल. खरं लिहिलंत तर वाचायची शक्यता आहे. मात्र हे उत्पन्न स्वतःचं असल्याचं यांनी सही करून सांगावं." त्यांनी एक कोरा कागद अभिनवपुढे सरकवला.

"माझी नोकरी जाईल, सृष्टी." अभिनवचा आवाज चिरकला. "आपलं घर एक आहे ना?"

"घर एकच आहे. पण त्यात माणसं दोन हवीत ना, अभिनव? तू स्वतःला वगळून माझीच दोन केलीस."

ती हे शांतपणे बोलली, पण आतून तिचा संताप संताप होत होता. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि हा माणूस आपल्याच नावाआड लपून बसला, हे तिला सहनच होईना. अभिनवने कोऱ्या कागदाकडे पाहिलं, गाडीची किल्ली उचलली आणि तो जिना उतरून गेला.

"झालं," उपासनी म्हणाले. "आता तुमचा शब्द कुणी का मानावा?"

अपेक्षा दाराकडे बघत राहिली. तो परत येईल, असं तिला खरंच वाटत होतं. मग तिने पदराने डोळे पुसले.

"सर, सृष्टीच्या बँक खात्यातले पैसे पुढे कुणाच्या खात्यात जायचे, हे बँक सांगेल ना?"

"सांगेल. पण मग त्यांना कोणी वाचवू शकणार नाही, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय." तिने कागद स्वतःकडे ओढला. "सांगा, सुरुवात कशी करायची?"